तात्यापाऱ्याचं शीड

रायपुरात मरीन ड्राइव्ह आहे. समुद्र नाही, पण मरीन ड्राइव्ह आहे. तेलीबांधा तलावाच्या काठाने फरसबंदी झाली, दिवे लागले, खाण्यापिण्याची दुकानं आली आणि गावाने कोणालाही न विचारता त्याला मरीन ड्राइव्ह म्हणून टाकलं. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला तात्यापाऱ्यातले यजमान संध्याकाळी सहज विचारतात, ‘‘मरीन ड्राइव्हला जाऊन यायचं का?’’ आणि पाहुणा मनातल्या मनात विमानाची वेळ आणि यजमानांची प्रकृती या दोन्हींचा अंदाज घेऊ लागतो.

खऱ्या समुद्राशी या गावाचा संबंध जेमतेमच. त्यातल्या त्यात जवळचा समुद्र विशाखापट्टणमला, रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या वर. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तेवढीच काय ती सरकारदरबारी नोंद. भूगोलाची आवड असलेले लोक आणखी एक धागा काढतात. गावाशेजारची खारून शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला, आणि महानदी ओडिशात पारादीपजवळ बंगालच्या उपसागराला. म्हणजे तात्यापाऱ्याच्या नालीतलं पाणी समुद्र बघून येतं, माणसं मात्र राहून जातात.

तात्यापारा ही रायपुरातली जुनी मराठी वस्ती. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरच्या गादीवर बसले आणि छत्तीसगडात नागपूरकरांचा थेट अंमल सुरू झाला. त्यानंतर मराठी माणसं इकडे येत राहिली ती घोड्यावरून, बैलगाडीतून, मग रेल्वेने. जहाजातून कोणी आलं नाही. इथली मराठी भाजीवाल्याशी हिंदीत बोलते, रिक्षावाल्याशी छत्तीसगढीत, आणि घरात भांडण निघालं की शुद्ध मराठीवर येते. अशा वस्तीचा शिडाच्या होड्यांशी काय संबंध, असं कोणी विचारलं असतं तर २०२३ पर्यंत ‘काही नाही’ हे उत्तर बरोबर होतं.

त्या वर्षीच्या २६ सप्टेंबरला ते चुकलं. चीनमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धा चालू होत्या. शिडाच्या होड्यांच्या शर्यती निंगबोजवळच्या समुद्रात होत्या. तिथे मुलींच्या ‘आयएलसीए ४’ प्रकारात भारताला रौप्यपदक मिळालं, आणि ते मिळवणारी सतरा वर्षांची नेहा ठाकूर निघाली देवास जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची मुलगी. तात्यापाऱ्यात पोहे-जिलेबीच्या ठेल्यावर पेपर उघडला गेला आणि पहिला ठराव एकमताने पास झाला : ‘‘देवासची? मग आपलीच हो!’’

या ठरावामागचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. देवास म्हणजे पवारांचं संस्थान. एक नव्हे, थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात. शिवाय देवास म्हणजे कुमार गंधर्व. शिवाय मध्य प्रदेश आणि आपण एकत्रच तर होतो! छत्तीसगड वेगळं झालं १ नोव्हेंबर २००० ला, तेव्हा नेहाचा जन्मही झालेला नव्हता. पण नातं काढायला बसलेला मराठी माणूस असल्या तपशिलाने अडत नाही. भोपाळच्या एबाद अलीने त्याच दिवशी शिडाच्या फळीवर, म्हणजे विंडसर्फिंगमध्ये, कांस्य मिळवलं होतं. तोही ओघात आपलाच झाला. दुसऱ्या दिवशी लष्करातल्या विष्णू सरवणनने आणखी एक कांस्य आणलं. तो वेल्लोरचा, त्यामुळे त्याच्याबाबतीत तंजावरच्या भोसल्यांमार्गे काही जमतं का याचा विचार सुरू झाला होता, तेवढ्यात पोहे संपले.

नातं लागलं. आता खेळ समजून घेणं आलं, आणि तिथे पंचाईत झाली.

वस्तीतले एक नाना हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. आकड्यांशी त्यांचं अजून चांगलं जमतं. नातवाने मोबाइल पाहून सांगितलं, ‘‘नाना, नेहाला सत्तावीस गुण पडले. म्हणून रौप्य.’’

‘‘आणि सोनं कोणाला?’’

‘‘थायलंडच्या मुलीला. तिला कमी पडले.’’

‘‘कमी पडले म्हणून सोनं?’’

‘‘हो ना. इथे कमीच पाहिजेत.’’

नानांनी चष्मा पुसला. नातू सांगत गेला : पहिली येणाऱ्या होडीला एक गुण, दुसरीला दोन, दहावीला दहा. शर्यत एक नसते, नेहाच्या झाल्या अकरा. सगळ्यांची बेरीज करायची आणि सर्वांत लहान बेरीज ज्याची तो जिंकला. तिची बेरीज झाली बत्तीस. त्यातली सर्वांत वाईट शर्यत, तिचा पाचवा नंबर, वगळायची. राहिले सत्तावीस. या ‘वगळायची’वर नाना थांबले. सबंध हिशेबातली एक वाईट नोंद कायद्याने पुसून टाकायची मुभा असते, आणि वर पदकही देतात, हे ऐकून त्यांचा या खेळाबद्दलचा आदर एकदम वाढला. ‘‘आमच्या खात्यात ही सोय असती,’’ ते म्हणाले, ‘‘तर अर्ध्या लोकांच्या चौकश्या वाचल्या असत्या.’’

या पद्धतीत एक गंमत आहे. एकही शर्यत न जिंकता माणूस सुवर्णपदक नेऊ शकतो. दररोज दुसरा-तिसरा यायचं, फार पुढे नाही, फार मागे नाही, कुठे अडकायचं नाही. ऑलिंपिकमध्ये बहुतेक प्रकारांत शेवटी पहिल्या दहांची एक पदक-शर्यत असते, तिचे गुण दुप्पट आणि ती वगळता येत नाही. तिथे तेवढा जीव टांगणीला लागतो. एरवी हा खेळ निवृत्तिवेतनाच्या दिशेने शांतपणे नोकरी करणाऱ्याचा आहे, असं नानांचं मत झालं. ते पुरतं बरोबर नाही, पण फार चूकही नाही.

होडीही पाहण्यासारखी. ‘आयएलसीए’ म्हणजे ज्याला जुने लोक अजून ‘लेझर’ म्हणतात ती. लांबी सव्वाचार मीटरच्या आत, माणूस एक, शीड एक. होडीचा सांगाडा सगळ्यांचा सारखा. आकड्याप्रमाणे बदलतं ते शीड. ‘४’चं शीड सुमारे पावणेपाच चौरस मीटर, ‘६’चं त्याहून मोठं, आणि ‘७’चं सात चौरस मीटरच्या थोडं वर. हलक्या पोरीने लहान शीड लावायचं, वजनदार गड्याने मोठं. इंजिन नाही, वल्हं नाही. वारा अंगावर आला की होडी कलंडू लागते, मग बसणाऱ्याने पाय पट्ट्यात अडकवून सगळं धड होडीबाहेर पाण्यावर झोकायचं आणि पोटाच्या स्नायूंवर तिला सरळ धरून ठेवायचं. पाऊण तास. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, मुलगी आरामात रेलून वारा खात आहे.

लांबून पाहणाऱ्याला या खेळातलं काहीच नीट दिसत नाही, हे एकदा मान्य केलेलं बरं. शिडाची होडी थेट वाऱ्यावर चालून जाऊच शकत नाही. वारा समोरून असेल तर तिरपं, साधारण पंचेचाळीस अंशांत जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूने तिरपं. शर्यतीतला पहिला बोया, म्हणजे वळायची तरंगती खूण, नेमका वाऱ्याच्याच दिशेला ठेवलेला असतो. त्यामुळे तोफ झाली की निम्म्या होड्या डावीकडे जातात, निम्म्या उजवीकडे, आणि प्रेक्षकाला वाटतं की यांच्यात पत्त्यावरून मतभेद झाला. पुढे कोण आहे हे काठावरच्याला कळत नाही. टीव्हीवाल्याला पडद्यावर रेघा ओढल्याशिवाय कळत नाही. होडीतल्यालाही पुष्कळदा बोयाजवळ पोचल्यावरच कळतं.

तात्यापाऱ्याला समजलं ते या खेळातलं सर्वांत अवघड प्रकरण : सुरुवात. कारण ते रोज दारातच चालतं.

तात्यापारा चौक ते शारदा चौक हा जी. ई. रोडचा तुकडा रायपुरात प्रसिद्ध आहे. लांबी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. अलीकडे रस्ता रुंद, पलीकडे रुंद, मध्ये हा गळा. त्याच्या रुंदीकरणाची चर्चा इतकी वर्षं चालू आहे की ती ऐकत वाढलेल्या मुलांची मुलं आता ती ऐकत आहेत. संध्याकाळी सात वाजता या तोंडाशी स्कूटर, ऑटो, इ-रिक्षा, हातठेला आणि एखादी बस अशी सगळी मंडळी जमतात. कोणी थांबलेलं नसतं आणि कोणी पुढेही जात नसतं. प्रत्येकजण इंच-इंच सरकत पुढच्या फटीकडे नजर लावून असतो. शिडांच्या शर्यतीची सुरुवात हुबेहूब अशी. जमिनीवरच्यासारखी चुन्याची रेघ नाही, उभं राहायला ठोकळा नाही. पंचांची बोट आणि एक बोया यांच्यामधली काल्पनिक रेघ हीच सुरुवात. पाच मिनिटं आधी एक झेंडा वर जातो, चार मिनिटं आधी दुसरा, एक मिनिट उरलं की तो खाली येतो. या पाच मिनिटांत पन्नास-साठ होड्या रेघेच्या अलीकडे घुटमळत असतात. होडीला ब्रेक नाही, वारा थांबत नाही, आणि वेळ संपायच्या आत नाकाचं टोक रेघेपलीकडे गेलं तर परत फिरून पुन्हा रेघ ओलांडायची. फारच जण घुसले तर सगळ्यांनाच मागे बोलावतात. तेवढ्यावर भागलं नाही, तर काळा झेंडा लावून पुढच्या वेळी घुसणाऱ्याला शर्यतीतूनच बाद करतात. हा काळा झेंडा वाहतूक पोलिसांना दाखवावा का, यावर ठेल्यावर गंभीर चर्चा झाली.

रस्त्याचे नियम दोन्हीकडे आहेत. फरक इतकाच की पाण्यावर ते पाळतात. ज्याच्या उजव्या अंगावर वारा आहे त्याला वाट द्यायची, डाव्या अंगावर वारा असलेल्याने बाजूला व्हायचं. दोघांच्या एकाच अंगावर वारा असेल तर वाऱ्याकडच्याने खालच्याला सांभाळायचं. मागून येणाऱ्याने पुढच्याला. आणि चूक झाली तर? इथे खरी कमाल आहे. भर पाण्यात शिट्टी वाजवणारा पंच बहुतेक धक्क्यांसाठी नसतोच. (होडी झुलवून-हलवून फुकटची गती घेणाऱ्यावर पिवळा झेंडा घेऊन नजर ठेवणारे असतात, तो वेगळा मामला.) ज्याने नियम मोडला त्याने आपला आपण बाजूला जाऊन होडीच्या दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या आणि मग शर्यतीत परत यायचं. बोयाला नुसता स्पर्श झाला तर एक गिरकी. कोणी पाहिलं नाही तरी घ्यायची.

‘‘स्वतःहून?’’ नानांनी विचारलं.

‘‘स्वतःहून.’’

शारदा चौकाच्या तोंडाशी ही पद्धत लावली तर काय होईल, याचं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकदमच आलं असावं. कोणी बोललं नाही. सगळी वाहनं जागच्या जागी गिरक्या घेत आहेत आणि शारदा चौकाला कोणीच पोचत नाही.

गुन्हेगाराने गिरकी घेतली नाही तर ज्याला त्रास झाला त्याने तिथल्या तिथे ‘प्रोटेस्ट’ असं ओरडायचं, मोठी होडी असेल तर लाल झेंडा लावायचा, किनाऱ्यावर आल्यावर मुदतीत लेखी अर्ज द्यायचा. मग खोलीत सुनावणी. दोन्ही बाजू, साक्षीदार, टेबलावर खेळण्यातल्या होड्या मांडून ‘मी इथे होतो, हा इथून आला.’ निकाल संध्याकाळी. म्हणजे पदक पाण्यावर मिळालं असलं तरी टेबलापाशी टिकवावं लागतं. शेजाऱ्याच्या भिंतीवरून तीन पिढ्या दावा चालवलेल्या घरांना हा भाग आपोआप समजला.

वाऱ्याचं तंत्र मात्र कोणाच्याच हातात नाही. पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये, १८९६ ला अथेन्समध्ये, शिडांच्या शर्यती कार्यक्रमपत्रिकेवर होत्या, पण हवामानाने त्या झाल्याच नाहीत. सव्वाशे वर्षांत माणसाने पुष्कळ प्रगती केली, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी मार्सेयला वारा पडल्यामुळे पदक-शर्यती दुसऱ्या दिवसावर गेल्या. वारा नसला की पंच लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा वर करतात आणि जगातले सर्वोत्तम खेळाडू शिडाच्या सावलीत तासन्‌तास बसून राहतात. मे महिन्यात नवतप्याच्या दुपारी लाइट गेल्यावर तात्यापारा नेमकं हेच करतो, त्याला पदक कोणी देत नाही.

वारा असला तरी होडी टिकेलच असं नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये शर्यती चिंगदावला होत्या. आधी समुद्रात हिरवं शेवाळ इतकं माजलं की सैनिक आणि हजारो लोक कामाला लावून ते उपसावं लागलं. जलकुंभी उपसून दमलेल्या रायपूरकरांनी यावर मान डोलावली. ते निस्तरलं, तर ‘४९-अर’ प्रकाराच्या पदक-शर्यतीआधी पहिल्या नंबरवर असलेल्या डेन्मार्कच्या जोडीची डोलकाठी मोडली. वेळ थोडा. क्रोएशियाची जोडी अंतिम फेरीत नव्हती, त्यांची होडी किनाऱ्यावर रिकामी होती. डेन्मार्कच्या योनास वॉरर आणि मार्टिन किर्केटर्प यांनी ती मागून घेतली आणि शिडावर क्रोएशियाचा झेंडा तसाच ठेवून निघाले. बाकीचे सुटल्यावर जवळपास चार मिनिटांनी, मुदत संपता-संपता, त्यांनी रेघ ओलांडली. सातवे आले आणि बेरजेच्या जोरावर सुवर्णपदक जिंकले. मग अर्थातच तक्रारी, सुनावण्या, क्रीडा लवाद. पदक डेन्मार्ककडेच राहिलं. शेजारधर्म म्हणून क्रोएशियाच्या जोडीला पुढे क्युबेर्तां यांच्या नावाचं खिलाडूपणाचं पदक मिळालं. हा किस्सा ऐकून वस्तीतल्या एका काकूंचा एकच प्रश्न होता : ‘‘होडी धुऊन परत केली का?’’

आता खरी गोष्ट. भारतात या खेळाची मोठी स्पर्धा झाली ती महाराष्ट्राच्या दारात, आणि महाराष्ट्राला त्याची विशेष आठवण नाही.

१९८२ चं एशियाड दिल्लीचं. अप्पू हत्ती, नवी स्टेडियमं, रंगीत टीव्ही. सगळं दिल्लीत जमलं, पण समुद्र काही जमेना. तेव्हा शिडांच्या शर्यती मुंबईला पाठवल्या आणि वल्ह्यांच्या शर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावावर. (तो तलाव पुढे आटला. जिथे आशियातल्या वल्हेकऱ्यांनी पदकं घेतली तिथे होडी नेली तर ती डोक्यावरून न्यावी लागेल.) मुंबईच्या पाण्यात ‘फायरबॉल’ प्रकाराचं सुवर्ण फारोख तारापोर आणि झरीर करंजिया या भारतीय जोडीने जिंकलं. ‘एंटरप्राइझ’ प्रकाराचं सुवर्ण पाकिस्तानला गेलं, आणि ते नेणारे होते कराचीचे बैराम आवारी आणि त्यांच्या पत्नी गोश्पी. म्हणजे दोन्ही देश एकमेकांसमोर, आणि दोन्हीकडून सुवर्ण जिंकणारे पारशी. पंचांना राष्ट्रगीतं दोन वाजवावी लागली, जेवायला कदाचित एकच धनसाक पुरलं असतं. गोश्पी आवारी या आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकणाऱ्या पहिल्या पाकिस्तानी महिला ठरल्या.

नवरा-बायको एका होडीत, वारा बदलता, ‘मी सांगत होते आधीच वळ’ म्हणायची सोय नाही, आणि तरी सुवर्ण. तात्यापाऱ्यातल्या जोडप्यांना हे आशियाई नव्हे, जागतिक कीर्तीचं वाटलं. गावात बुढा तालाबवर पायडल मारायची नाव भाड्याने घेऊन निघालेल्या जोडप्यांपैकी निम्मी तरी परतताना बोलत नसतात.

तारापोरांचं पुढे काय झालं हेही सांगण्यासारखं आहे. १९८४, १९८८ आणि १९९२ अशी तीन ऑलिंपिक त्यांनी केली. आणि २०१० मध्ये, म्हणजे मुंबईच्या सुवर्णानंतर अठ्ठावीस वर्षांनी, ग्वांगझू आशियाई स्पर्धांत ‘मॅच रेसिंग’चं रौप्य जिंकणाऱ्या भारतीय संघात ते होतेच. क्रिकेटमध्ये छत्तिसाव्या वर्षी माणसाला समालोचनाच्या खोलीत बसवतात. या खेळात वय हे वाऱ्यासारखंच, वापरता आलं तर कामाचं. होमी मोतीवाला आणि पी. के. गर्ग या नौदलातल्या जोडीला खेलरत्न मिळाला. विश्वनाथन आनंद आणि गीत सेठी यांच्यानंतरचा हा सन्मान. आनंद आणि सेठी घराघरांत पोचले. मोतीवाला-गर्ग हे नाव आज प्रश्नमंजूषेत विचारलं तर अख्खं सभागृह छताकडे पाहील.

शाळेच्या भूगोलात महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा असे. इतिहासात शिवरायांचं आरमार आणि कान्होजी आंग्रे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे. आणि एवढं असून मध्यमवर्गीय मराठी माणसाचा समुद्राशी व्यवहार काय, तर चौपाटीवर भेळ खायची, पाण्याकडे पाठ करून फोटो काढायचा आणि गणपती बुडवायचा. कोळीबांधव सोडले तर शिडाची दोरी हातात धरलेला माणूस आपल्या ओळखीत नसतो. उलट पाण्यात नाव काढायची तर ती चांदवडसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने. विहिरी खोदायचं काम केलेला हा गडी लष्करात गेला, वल्हं धरलं, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धांत चौघांच्या होडीतून सुवर्ण घेऊन आला. शीड आणि वल्हं वेगळे खेळ आहेत हे खरं, पण ज्यांच्या दारात पाणी नाही तेच पाण्यावर पुढे जातात, ही तात्यापाऱ्याची थिअरी त्याने पक्की केली.

थिअरीला जगाचाही पाठिंबा आहे. ऑस्ट्रियाला समुद्र नाही. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाने दोन सुवर्णपदकं जिंकली आणि ती दोन्ही समुद्रावर, एक ‘४७०’ होडीत, एक पतंगाला बांधलेल्या फळीवर. स्वित्झर्लंडला समुद्र नाही. त्यांच्या ‘अलिंगी’ संघाने २००३ मध्ये शिडांच्या शर्यतींचा अमेरिकाज कप जिंकला आणि २००७ मध्ये राखला. तो राखायला स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा समुद्र मागून घ्यावा लागला, एवढंच. मध्य प्रदेशाला समुद्र नाही. भोपाळच्या बड्या तालाबवर तयार झालेल्या हर्षिता तोमरने सोळाव्या वर्षी, २०१८ मध्ये, जकार्ताहून कांस्य आणलं. नेहा त्याच तलावावरची.

कधीकाळी हा खेळ राजेरजवाड्यांचा होता. नॉर्वेचे युवराज ओलाफ १९२८ मध्ये सुवर्ण जिंकले, ग्रीसचे युवराज कॉन्स्टंटाइन १९६० मध्ये नेपल्सच्या उपसागरात. स्पेनचे हुआन कार्लोस १९७२ मध्ये कीलला उतरले, आणि त्याच वर्षी त्याच पाण्यात भारताकडून पहिल्यांदा सोली कॉन्ट्रॅक्टर आणि ए. ए. बसिथ ही जोडी उतरली. आता पवारांच्या देवासमधून कोणी आशियाई पदक आणावं तर ते राजवाड्यातून नाही, शेतातल्या घरातून आलं. पवारांच्या दोन्ही पात्या यात काय म्हणाल्या असत्या हा विषय ठेल्यावर निघाला होता; मोठ्या पातीने मोठं शीड मागितलं असतं यावर एकमत झालं.

एवढं सगळं झाल्यावर, आपल्याकडे का नको, हा प्रश्न येणारच होता. गंगरेल धरण दीड-दोन तासांवर आहे, पाणी अफाट, तिथे बोटी चालतातही. पण गंगरेलला शर्यत ठेवली तर लोक डबे घेऊन जातील आणि बोयापेक्षा डब्याकडे लक्ष राहील, अशी शंका निघाली. तेव्हा पाळी आली बुढा तालाबची. तो चालत जाण्याच्या अंतरावर. लहान मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ नावाची होडी असते, सव्वादोन मीटरच्या आसपास लांब, टबासारखी. १९४७ मध्ये फ्लोरिडात स्वस्तात प्लायवूडची बनावी म्हणून क्लार्क मिल्सने काढलेली. तेवढ्याला हा तलाव भरपूर. वारा कमी-जास्त, पण जूनच्या आंधीत पत्रे उडतात म्हणजे आहेच. बोयाचाही खर्च नाही, कारण तलावाच्या मध्यभागी बेटावर विवेकानंदांचा भव्य पुतळा ध्यानस्थ बसलेला आहे. (नरेंद्र लहानपणी, १८७७ ते ७९, इथेच बुढापाऱ्यात राहिले होते.) बेटाला वळसा घालून यायचं, बस.

नातवाने नियम वाचून सांगितले. अशा शर्यतींत बोया सहसा डाव्या हाताला ठेवून वळायचं असतं.

नानांनी चहाचा पेला खाली ठेवला. ‘‘स्वामीजींना डावं घालायचं? ही कोणती प्रदक्षिणा?’’

‘‘नाना, प्रदक्षिणा नाही, शर्यत आहे.’’

‘‘तात्यापाऱ्याची पोरं उलटी प्रदक्षिणा घालून राहिली म्हणून उद्या पेपरात येईल. मग देशील तू उत्तर?’’

नातवाने पुन्हा मोबाइल चाळला. शर्यतीच्या सूचनापत्रात आयोजकांनी तसं लिहिलं तर बोया उजव्या हाताला ठेवूनही वळता येतं, असं निघालं. मग उजव्या हाताला असं ठरलं, आणि सूचनापत्र मराठीत लिहायचं की हिंदीत यावरून पुढचा वाद सुरू झाला.